हेडर बसवल्यावर गाडी टकटक का करते?

“नवा हेडर बसवला, नट दोनदा आवळून घेतले, तरी सकाळी गाडी सुरू केली की टक-टक-टक आवाज येतो. इंजिन गेलं का?” जुन्या जिप्सीला, बलेनोला किंवा होंडा सिटीला बाजारातला हेडर लावून घेणाऱ्यांपैकी बरेचजण महिन्याभरात हा प्रश्न घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहतात. इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. हेड आणि हेडर जिथे एकमेकांना टेकतात तिथून जळालेला वायू निसटत असतो. नट आणखी आवळणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे, आणि या दुखण्यावर तो सहसा चालत नाही.

नाशिककरांना हा प्रश्न पडायला कारणं आहेत. या शतकाच्या दुसऱ्या दशकात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर होत असे. तिथे धुरळा उडवणाऱ्या गाड्या बघून आपल्याही गाडीला तसा आवाज हवा असं वाटलेली पोरं आता कमावती झाली आहेत. त्यात सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती. सातपूरला महिंद्राचा कारखाना, इगतपुरीला त्यांचाच इंजिनांचा. लेथ, मिलिंग, आर्गन वेल्डिंग ही कामं इथे शोधावी लागत नाहीत. दुखणं आणि औषध एकाच गावात मिळणं हे भाग्यच म्हणायचं. डिसेंबर-जानेवारीत जवळच्या निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा नाशिकमध्येही पहाटे इंजिन गारठलेलं असतं, आणि ही टकटक गार इंजिनावरच सगळ्यात स्पष्ट ऐकू येते.

१. ओतीव लोखंड आणि वाकवलेले पाइप

इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. त्याच्या एका बाजूला जळालेला वायू बाहेर पडायची तोंडं असतात, चार सिलिंडरच्या गाडीत साधारण चार. या तोंडांवर कंपनी जो जाड, ओतीव लोखंडी तुकडा बसवते तो मॅनिफोल्ड. तो चारही तोंडांतला वायू गोळा करून एका नळीत सोडतो. दिसायला ओबडधोबड, वजनाला भारी. पण जाड असल्यामुळे सहजी वाकत नाही आणि आवाजही बराच आत दाबून ठेवतो.

हेडर हे त्याच कामाचं दुसरं रूप. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी पाइप, शक्यतो सारख्याच लांबीचा, आणि पुढे सगळे पाइप एकत्र येतात ते कलेक्टरमध्ये. हेडच्या बाजूला चारही पाइप एका सपाट पट्टीला वेल्ड केलेले असतात. ही पट्टी म्हणजे फ्लँज. या प्रकरणातली निम्मी गोष्ट तिचीच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? वायूचा एक झोत पाइपातून जोरात निघून गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब कमी होतो. पाइपांची लांबी नीट जमली तर हा कमी दाब पुढच्या सिलिंडरमधला वायू ओढून घ्यायला मदत करतो. त्याचा फायदा मुख्यतः वरच्या फेऱ्यांवर मिळतो. रॅलीतला चालक इंजिन सतत तिथेच ठेवतो, गंगापूर रोडवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालणारी गाडी तिथे क्वचितच पोचते. इंजिनात बाकी काही न बदलता नुसता हेडर लावला तर ताकदीपेक्षा आवाजातला फरकच जास्त जाणवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. टकटक मोजून बघा

इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेत आहे असं धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा वायू बाहेर टाकतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० झोत, सेकंदाला साधारण सहा-सात. गळती एकाच तोंडाशी असेल तर कानाला सेकंदाला सहा-सात टिचक्या ऐकू येतात, सुट्या सुट्या. गळती कलेक्टरच्या पुढे असेल तर तिथून चारही सिलिंडरचे झोत जातात. सेकंदाला सव्वीस-सत्तावीस टिचक्या कानाला वेगळ्या करता येत नाहीत, त्यामुळे तिथे टकटक न होता भरभर किंवा फुरफुर ऐकू येते. गाडीखाली न शिरताही गळती कोणत्या टोकाला आहे याचा अंदाज असा बांधता येतो.

एक घोळ मात्र आहे. हेडमधल्या व्हॉल्व्हवरचं टॅपेट सैल झालं तर तेही दोन फेऱ्यांतून एकदाच वाजतं. वेग तोच, आवाजाची जातही जवळची. म्हणून हेडरची गळती असताना टॅपेटची कामं काढली जातात आणि टॅपेट वाजत असताना हेड आणि हेडरच्या मधलं पॅकिंग बदललं जातं. दोन्हींतला फरक ओळखायचा तो इंजिनावर जोर देऊन. ॲक्सिलरेटर दाबला की गळतीचा आवाज ठसठशीत वाढतो, कारण झोताचा दाब वाढतो. टॅपेट नुसतं फेऱ्यांबरोबर जलद होतं. इंजिन तापल्यावर गळतीची टकटक पुष्कळदा मंदावते, क्वचित पूर्ण थांबते, कारण धातू फुगून फट मिटते. दहा मिनिटांत आवाज गेला म्हणून दुखणं गेलं असं समजू नये. फट तिथेच असते आणि महिन्यागणिक वायू तिची कड खात जातो.

आणखी खात्री हवी असेल तर चालू इंजिनात मेकॅनिककडून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर क्षणभर काढून बघावं. त्या सिलिंडरचं पेट्रोल बंद झालं की त्याचा झोत दुबळा होतो. ज्या सिलिंडरला टकटक विरते, गळती त्याच तोंडाशी.

३. बाहेर जाणारा वायू, आत येणारी हवा

फटीतून वायू बाहेर जातो एवढंच असतं तर तो नुसता आवाजाचा त्रास ठरला असता. पण झोतामागून येणारा तो कमी दाब फटीवरही काम करतो आणि बाहेरची थोडी हवा आत ओढून घेतो. ही हवा पुढे ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचते.

हा सेन्सर जळालेल्या वायूत किती प्राणवायू उरला ते बघतो आणि इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतो. पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. नेहमीच्या सेन्सरचा विद्युतदाब सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होतो. पेट्रोल कमी पडलं की खाली, जास्त झालं की वर. फटीतून आलेल्या हवेमुळे तो खाली राहतो. ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो आणखी पेट्रोल सोडतो. इंजिनाला त्याची गरज नसते. ॲव्हरेज घटतं, प्लग काळे पडतात आणि पीयूसीच्या यंत्रावर आकडा चढतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मागून फटफट होते तीही अनेकदा यामुळेच: न जळलेलं पेट्रोल आणि आत आलेली हवा तापलेल्या पाइपात पेटतात. काहींना ती फटफट आवडते. पेट्रोल पंपावरचं बिल त्यांनी एकदा या नजरेने बघावं.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हा सेन्सर नसतो, त्यामुळे तिथे गळतीचा त्रास बराचसा कानापुरता आणि नाकापुरता राहतो.

४. गळती नेमकी कुठे?

हे काम गार इंजिनावर करायचं. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम.

आधी नुसतं बघा. जिथून वायू निसटतो तिथे फ्लँजच्या कडेला किंवा हेडच्या ॲल्युमिनियमवर काजळीचा काळा फराटा उमटलेला असतो. बऱ्याचदा एवढ्यावरच निदान होतं. फराटा दिसला नाही तर इंजिन सुरू करा, रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं फ्लँजच्या कडेने हळूहळू फिरवा. फटीसमोर नळी आली की टिचकी कानात बसते. पंखा आणि पट्ट्यापासून नळी आणि बाह्या दूर ठेवा.

तरीही नाही सापडलं, तर इंजिन बंद ठेवून सायलेन्सरच्या शेपटीतून हवा भरायची. फुंकणी बाजूला नळी लावता येणारा व्हॅक्युम क्लीनर किंवा गॅरेजमधला ब्लोअर चालतो. शेपटीच्या तोंडाला फडकं गुंडाळून हवा आत सोडा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले ती जागा खडूने खुणावून ठेवा. पंक्चरवाल्याची ही युक्ती एक्झॉस्टवर तितकीच चालते आणि कमी दाबावर चालत असल्याने पॅकिंगला इजा होत नाही. उदबत्तीच्या धुराने फट शोधायचा सल्लाही मिळतो, पण पेट्रोलच्या नळ्यांशेजारी निखारा नेऊ नये.

शोधताना फ्लँजवरच थांबू नका. कलेक्टरचं वेल्डिंग, ऑक्सिजन सेन्सर बसवायचं वाटोळं बूच, हेडर आणि पुढच्या पाइपाचा जोड, या तीन जागा हमखास विसरल्या जातात. माझा अनुभव असा की गळती दोन ठिकाणी असली तर मोठी सापडल्यावर माणूस खूश होऊन उठतो, आणि धाकटी गाडीत तशीच राहते.

५. नट घट्ट, फ्लँज वाकडी

गळती फ्लँजशी आहे, नट तर घट्ट आहेत. मग फट आली कुठून?

पहिलं कारण वेल्डिंग. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. पाइप फ्लँजच्या मागच्या बाजूने जोडलेले असतात, म्हणून आकसणारं वेल्डिंग फ्लँजची दोन्ही टोकं मागे ओढतं. हेडला टेकणारा पृष्ठभाग त्यामुळे मधोमध फुगीर होतो आणि टोकं उचलली जातात. अशा हेडरची गळती पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरशी सापडते. पट्टी सहा मिलिमीटरची असेल तर हे जास्त होतं, दहा मिलिमीटरच्या जाड पट्टीत कमी. स्वस्त हेडरमध्ये पैसे कुठे वाचवले आहेत ते बघायचं असेल तर आधी फ्लँजची जाडी मोजावी.

टोकाचे नट पिळून ही फट गार असताना मिटवता येते. पण मग स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेला आणि नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा, सतत वाकलेली पट्टी ओढून धरत राहतो. गाडी तापते, धातू मऊसर होतो, पट्टी पुन्हा आपल्या वळणावर जाते, नट ढिला होतो. पुन्हा आवळा, पुन्हा ढिला. शेवटी एक तर स्टड तुटतो नाही तर हेडमधले आटे जातात.

दुसरं कारण उष्णता, आणि ते कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. साधं पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस ०.०१७ आणि ॲल्युमिनियम ०.०२३. टोकाच्या दोन स्टडमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरू. फ्लँज ३०० अंशांनी तापली, पण हेडमध्ये पाणी फिरत असल्याने ते ८० अंशांनीच तापलं असं मानू.

साध्या पोलादाची फ्लँज: ०.४ × ०.०१२ × ३०० = १.४४ मिलिमीटर.
स्टेनलेसची फ्लँज: ०.४ × ०.०१७ × ३०० = २.०४ मिलिमीटर.
ॲल्युमिनियमचं हेड: ०.४ × ०.०२३ × ८० = ०.७४ मिलिमीटर.

म्हणजे स्टेनलेसची फ्लँज हेडपेक्षा १.३ मिलिमीटर जास्त लांबली. मधला भाग जागच्या जागी राहिला तर प्रत्येक टोक बाहेर ०.६५ मिलिमीटर सरकणार. आता ८ मिलिमीटरच्या स्टडसाठी भोक ८.५ मिलिमीटरचं पाडलेलं असेल तर स्टडच्या प्रत्येक अंगाला मोकळी जागा राहते पाव मिलिमीटर. फ्लँजला सरकायला जागाच नाही. ती स्टडला आडवी रेटते, अडते आणि कमानीसारखी उचलली जाते. साध्या पोलादाच्या फ्लँजलाही प्रत्येक टोकाला ०.३५ मिलिमीटर लागतं, तिथेही पाव अपुराच. ‘स्टेनलेस आहे, आयुष्यभर बघायला नको’ असं सांगून विकलेला हेडर साध्या पोलादापेक्षा आधी का गळतो, ते या तीन ओळींत आहे.

इलाज मोजमापाचा आहे. हेडर काढायचा, जुनं पॅकिंग खरवडायचं आणि फ्लँजवर सरळ स्टीलची पट्टी आडवी धरून खाली फिलर गेजची पानं सरकवून बघायची. हेडच्या तोंडासाठी पुष्कळ कंपन्या ०.१ मिलिमीटरच्या आसपासच सूट देतात. फ्लँजकडूनही शक्य तितकं तेच मागावं. पाइपांची तोंडं आतून वेल्ड केलेली असतील तर वेल्डिंगचा उंचवटा फ्लँजच्या पातळीवर आला आहे का तेही बघा. तो एक उंचवटा सगळी फ्लँज टेकू देत नाही, आणि तो तर साध्या ग्राइंडरने दहा मिनिटांत जातो.

पट्टी खरंच वाकलेली निघाली तर ती मिलिंगवर न्यायची. इथे अंबड-सातपूरच्या कारागिराचा हात कामाला येतो. हेडरला मागून चार पाइप फुटलेले, त्यामुळे तो टेबलावर सपाट बसत नाही. आधी जिग करावी लागते, म्हणजे फ्लँज कमी ताणात घट्ट धरणारी बैठक. घाईत पट्टी दाबून सरळ केली, तशीच कापली आणि सोडली, तर ती पुन्हा वाकते आणि मशीनिंगचे पैसे पाण्यात. अनुभवी माणूस त्याआधी दोन तोंडांच्या मधल्या पट्टीवर करवतीने खाच पाडतो, कधी पट्टी पूर्ण तोडूनच टाकतो. एका लांब फ्लँजच्या चार लहान फ्लँज झाल्या की वेल्डिंगचा ताण सुटतो आणि तापल्यावर प्रत्येक तुकडा आपापल्यापुरताच फुगतो. मधली भोकं तशीच ठेवून टोकाकडची १० मिलिमीटरची किंवा लांबट करून घ्यायची, म्हणजे सरकायला जागा मिळते. माझ्या मते या दुरुस्तीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि सर्वात कमी केलं जाणारंही.

६. पॅकिंग आणि पाना

गॅरेजमध्ये गॅस्केटला पॅकिंग म्हणतात. ते एकदा दबलं की दबलं. कुकरची जुनी रिंग ताठरली की शिटी होत नाही आणि कडेने वाफ जाते, तसंच हे. पुन्हा वापरू नये. एकावर एक दोन पॅकिंग घालायची युक्तीही फसते, कारण जाड थर सगळीकडे सारखा दबत नाही. पत्र्याच्या थरांचं किंवा ग्राफाइटचं चांगलं पॅकिंग एकच घ्यावं. त्याची भोकं हेडच्या तोंडाशी जुळतात का ते बसवण्याआधी धरून बघावं, कडा आत आली असेल तर ती जळणारच.

लाल सिलिकॉन इथे नको. ते सुमारे तीनशे अंशांपर्यंत टिकतं, आणि तोंडातून बाहेर पडणारा वायू त्याच्या दुप्पट तापलेला असतो. शिवाय काही सिलिकॉनच्या वाफांनी ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. पुढे जिथे पाइप पाइपात सरकवलेला असतो तिथे एक्झॉस्टसाठी मिळणारी पेस्ट चालते, हेडच्या फ्लँजला नाही.

नट आवळायचे ते मधून सुरुवात करून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं टोकांकडे जात, आणि दोन-तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे. जोर किती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं; ८ मिलिमीटरच्या स्टडला तो पुष्कळदा २० ते २५ न्यूटन-मीटर असतो. हा आकडा हाताला कळायचा तर असं: पाव मीटर लांब पान्याच्या टोकावर दहा किलोचा जोर म्हणजे जवळपास २५ न्यूटन-मीटर. पान्यात पाइप घालून लटकणारा मदतनीस याच्या दुप्पट-तिप्पट सहज देतो. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा.

७. स्टड तुटला तर

गंजलेला नट सोडवायच्या आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवावं. सोडवताना थोडं पुढे, थोडं मागे. तरीही तुटलाच आणि स्टडचा तुकडा बाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट वेल्ड करून फिरवून काढतात; उष्णतेने पकडही सुटते. आतच तुटला असेल तर स्वतः ड्रिल लावू नये. पोलाद कठीण, हेड मऊ. ड्रिल घसरतं आणि भोक वाकडं पडतं. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं, बसवून भागतं. नवे स्टड बसवताना नटाला तापमान सोसणारं कॉपर ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी हे सगळं टळतं.

८. वास नसलेला वायू

गळती इंजिनाशी असली की धूर बॉनेटखाली साठतो, तिथून पंख्याच्या हवेबरोबर तो केबिनमध्ये येऊ शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळणं, डुलकी येणं ही सुरुवात. हिवाळ्यात काचा बंद करून उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणाऱ्यांना हा धोका सर्वात जास्त. टकटक ऐकू येत असताना अशी झोप काढू नये, गाडी घरातल्या बंद शेडमध्येही चालू ठेवू नये.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराबद्दल पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडर बसला की तोही गाडीतून जातो. स्पर्धेची गाडी वेगळी. रोज कॉलेज रोडला जाणाऱ्या गाडीला हेडर लावू नये, असंच मी विचारणाऱ्याला सांगतो.

९. पहिल्या घाटानंतर

नवं पॅकिंग पहिल्या काही वेळा तापून थंड होताना थोडं बसतं. मुंबईहून परतताना कसारा चढून गाडी इगतपुरीला आली म्हणजे हेडर चांगला भाजून निघालेला असतो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर त्याच क्रमाने, त्याच जोराने नट तपासा. एकदा पुरतं. दर आठवड्याला नट सैल मिळत असतील तर आवळणं थांबवा आणि फ्लँजवर वजन कशाचं येतंय ते शोधा. इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलतं, सायलेन्सर बॉडीला टांगलेला असतो. दोघांमधला लवचीक जोड हेडर बसवताना काढून टाकला असेल, किंवा सायलेन्सरचं एखादं टांगण्याचं रबर तुटलं असेल, तर प्रत्येक खड्ड्याचा झटका फ्लँजला बसतो. नाशिक-त्र्यंबक रस्त्याच्या एका पावसाळ्यात कलेक्टरच्या वेल्डिंगला चीर पडायला तेवढं बस होतं. रबर स्वस्त मिळतं, लवचीक जोड वेल्ड करून घालता येतो.

काढलेला मूळ मॅनिफोल्ड भंगारवाल्याला देऊ नका. त्याला तेल चोळून, तोंडांना टेप लावून, पोत्यात गुंडाळून ठेवा. जिप्सीसारख्या बंद झालेल्या गाडीचा चांगला ओतीव मॅनिफोल्ड पुढे शोधावा लागतो, आणि तो परत बसवायची वेळ आली तर त्याचंही तोंड आधी पट्टी धरून तपासावं लागतं.